झेंडा कधी वर जातो?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या हॉस्टेलच्या खोलीत एक दोनशे पानी वही होती. वर 'एम-थ्री' लिहिलेलं, पण आत गणित एकही नाही. ती वही माझ्या रूममेटची, म्हणजे बार्शीच्या एका अत्यंत चिकाटीच्या मुलाची होती. आम्ही दोघं तेव्हा मोबाइलवर एक ऑनलाइन डिटेक्टिव्ह गेम खेळायचो. खून झालेला असायचा, चार-पाच संशयित असायचे, पुरावे गोळा करायचे, खुनी पकडायचा. मधेच कधीतरी, न सांगता, एक बोनस केस उघडायची. तिच्यात भरपूर पॉइंट्स असायचे आणि गोष्टीचा एखादा राहिलेला धागाही उलगडायचा. ही बोनस केस नेमकी कशामुळे उघडते, याचा शोध त्या वहीत चालला होता.

'रात्री अकरानंतर लॉगिन केलं की येते.' पुढे चार बरोबरच्या खुणा, तीन फुल्या. 'मोलकरणीची जबानी सगळ्यात शेवटी घेतली की येते.' दोन बरोबर, पाच फुल्या. 'सलग तीन पुरावे न चुकता सापडले तर पुढच्या दिवशी येते.' ही ओळ लाल पेनानं अधोरेखित केलेली, कारण ती सलग चार वेळा खरी ठरली होती. पाचव्यांदा ठरली नाही, तेव्हा त्यानं शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'बहुतेक रविवार असल्यामुळे.'

खुनी शोधायला आम्हाला दोन तास पुरायचे. बोनस केसचं कारण शोधायला दोन सेमिस्टर पुरले नाहीत. पुढे मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आलो, असल्याच अटी लिहायचा पगार घ्यायला लागलो, आणि त्या वहीकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. डिटेक्टिव्ह गेममध्ये नेहमी दोन रहस्यं असतात. खून कोणी केला, हे पहिलं. मशीन आपल्या कुठल्या कृतीकडे डोळे लावून बसलंय, हे दुसरं. पहिल्या रहस्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला दुसऱ्याचा इतिहास सांगायचाय.

गुहेतला शेवटचा एक पॉइंट

सुरुवात डिटेक्टिव्ह गेमपासून होत नाही, एका गुहेपासून होते. अमेरिकेतला विल क्राउथर हा प्रोग्रॅमर हौशी गुहा-संशोधक होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांचे नकाशे बनवण्याच्या कामात त्याचा हात होता. १९७५-७६च्या सुमारास, घटस्फोटानंतर, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्यानं पीडीपी-१० या कॉम्प्युटरवर फोरट्रान भाषेत एक गेम लिहिला. चित्रं नाहीत, नुसते शब्द. तुम्ही 'उत्तर' टाइप करायचं, मशीन पुढच्या दालनाचं वर्णन करायचं. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं क्राउथरची परवानगी घेऊन तो वाढवला. 'कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' या नावानं आज आपण ओळखतो तो हा गेम.

वुड्सच्या आवृत्तीत पंधरा खजिने होते आणि एकूण ३५० पॉइंट्स. शेवटचा खजिना नजरेस पडला की आत एक काउंटर सुरू व्हायचा: तीस चाली. त्याही तुम्ही गुहेत खोल असाल तेव्हाच मोजल्या जायच्या. तीस संपल्या की गुहा बंद होत असल्याची सूचना, मग आणखी पन्नास चाली, आणि मग तुम्ही थेट एका नव्या, शेवटच्या दालनात. 'मुख्य काम संपलं, आता हे घे' असं म्हणणाऱ्या छुप्या मिशनचा हा अगदी सुरुवातीचा नमुना आहे. खेळणाऱ्याला ना तीस दिसायचे, ना पन्नास.

एवढं सगळं करूनही लोकांचा स्कोअर ३४९वर अडायचा. उरलेला एक पॉइंट मिळवण्यासाठी गुहेत सापडणारं एक मासिक 'विट्स एंड' नावाच्या ठिकाणी नेऊन टाकायचं होतं. का, याला काही उत्तर नाही. मासिक हा खजिना नव्हता, आणि ते तिथे टाकावं असं वाटायला कारणही नव्हतं. एमआयटीच्या लॅबमधली मंडळी या गेमनं झपाटली होती. त्यांच्यातल्या एकानं शेवटी डिबगर लावून प्रोग्रॅमच उलगडला आणि तो पॉइंट शोधला.

ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. खेळाडूनं अट तर्कानं नाही, मशीन उघडून शोधली. आणि ते त्याला करता आलं, कारण सगळा प्रोग्रॅम त्याच्या हातात होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बारा तासांचं घर

एमआयटीच्या त्याच टोळीनं पुढे 'झॉर्क' लिहिला आणि १९७९मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली. त्यांच्यातल्या मार्क ब्लँकनं १९८२मध्ये 'डेडलाइन' आणला. उद्योगपती रॉबनर आपल्या बंद लायब्ररीत मेलेला सापडलाय, आत्महत्या दिसतेय, आणि तुमच्याकडे सकाळी आठपासून बारा तास आहेत.

यात नवं काय होतं? घर तुमच्यासाठी थांबत नव्हतं. तुम्ही एक चाल केली की साधारण एक मिनिट जायचं आणि घरातली माणसं आपापल्या वाटेनं फिरायची. सकाळी फोन वाजतो. त्या वेळी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचललात तर बोलणं कानावर पडतं. बागेत गुलाबांशी कुरकुरत असलेल्या माळ्याला नीट विचारलंत, तर तो तुम्हाला मातीतले खड्डे दाखवतो, आणि तिथे उकरलं तर पुरावा मिळतो. दुपारी बारा वाजता मृत्युपत्राचं वाचन होतं. तेव्हा कोणाचा चेहरा कसा बदलतो आणि नंतर कोण कुठे जातं, हे बघायला तुम्ही तिथे हवे. नसाल तर गेम 'चुकलास' असं म्हणत नाही. घर चालत राहतं, तुम्हाला कळतही नाही.

इन्फोकॉमचा सोर्स कोड २०१९मध्ये इंटरनेटवर उपलब्ध झाला. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी 'डेडलाइन'चा कोड वाचत बसलो होतो. झिल नावाच्या त्यांच्या स्वतःच्या भाषेत प्रत्येक घटना एका रांगेत लावलेली असते: इतक्या मिनिटांनी हे करा, मग ते करा. आजच्या भाषेत हे शेड्युलर. पण वाचताना मला शेड्युलर दिसला नाही, एक घर दिसलं. प्रत्येक अटीला त्या घरात कारण होतं. माळी खड्डे का दाखवतो? त्याच्या गुलाबांची नासाडी झालीय म्हणून. अट आणि गोष्ट यांचा सांधा दिसत नव्हता.

या गेमच्या खोक्यात साक्षींचे कागद, लॅबचा अहवाल, एका छोट्या पिशवीत गोळ्या अशा वस्तूही असायच्या. डिस्कवर सगळा मजकूर मावत नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे डेनिस व्हीटली या इंग्रज लेखकाची १९३६ची 'मर्डर ऑफ मायामी' ही फाइल. हो, फाइल. तारा, जबान्या, फोटो, खरेखुरे केस आणि काडेपेटीची काडी असा ऐवज वाचकाच्या हातात द्यायचा आणि उत्तराची पानं सीलबंद ठेवायची. तिथे ट्रिगर एकच होता: सील फोडणं. ते फोडायचा अधिकार वाचकाचा.

माझ्या आजोबांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची चवड होती. झुंजार आणि काळापहाड पुढच्या पानावर काय करणार हे अर्नाळकरांच्या हातात होतं, पण शेवटचं पान आधी वाचायची मुभा माझ्या हातात होती. मी ती घेतली नाही असं म्हणणार नाही. पुस्तक आपल्यापासून स्वतःला लपवू शकत नाही, एवढाच मुद्दा.

झेंड्याचा जन्म

'डेडलाइन'नंतर वर्षभरानं, १९८३मध्ये, जपानमध्ये युजी होरी या तरुणानं 'पोर्टोपिया सीरियल मर्डर केस' लिहिला. कोबे शहर, एका सावकारी कंपनीच्या मालकाचा बंद खोलीत मृत्यू, आणि तुमचा सहायक यासू. तुम्ही सांगायचं, यासूनं करायचं. होरीला आज जग 'ड्रॅगन क्वेस्ट'मुळे ओळखतं, पण जपानी डिटेक्टिव्ह गेमचा साचा त्यानं इथे घडवला.

पहिल्या आवृत्तीत हुकूम टाइप करावे लागायचे. १९८५मध्ये गेम फॅमिकॉमवर आला. त्या मशीनला कीबोर्ड नव्हता, म्हणून हुकमांची यादी आली: विचार, शोध, दाखव, अटक कर. आता खेळणारा काय करू शकतो ते मर्यादित झालं, तेव्हा गोष्ट पुढे सरकवायला दुसरं काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे फ्लॅग.

फ्लॅग म्हणजे मेमरीतला एक बिट. खाली किंवा वर, शून्य किंवा एक. अमक्याला तमक्याबद्दल विचारलंत की एक झेंडा वर जातो. तो वर असेल तरच यासू पुढची बातमी आणतो. नसेल तर तुम्ही तोच प्रश्न दहा वेळा विचारा, उत्तर तेच. यात एक गंमत आणि एक अडचण आहे. गंमत ही की प्रोग्रॅमरला फार थोड्या मेमरीत गुंतागुंतीची गोष्ट बांधता येते. अडचण ही की तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी उपयोग नाही. खुनी कोण हे तुम्ही पहिल्या तासात ओळखलंत, पण झेंडे वर गेलेले नाहीत. आता तुम्ही डिटेक्टिव्ह उरला नाहीत, भिंतीवरचे स्विच चाचपणारा माणूस झालात.

जपानी लोकांनी ही गोष्ट इतकी मनावर घेतली की शब्द बोलीभाषेत उतरला. 'फुरागु गा तात्सु', म्हणजे झेंडा उभा राहिला. सिनेमातला सैनिक 'ही लढाई संपली की मी लग्न करणार' असं म्हणाला की प्रेक्षक ओळखतात: मरणाचा झेंडा उभा राहिला, हा आता जिवंत परतत नाही. गेमच्या मेमरीतला एक बिट माणसांच्या नशिबाबद्दल बोलायचा शब्द झाला.

एक पुस्ती. एप्रिल २०२३मध्ये स्क्वेअर एनिक्सनं 'पोर्टोपिया'ची एक फुकट आवृत्ती काढली, ज्यात तुमचं टाइप केलेलं वाक्य एआयनं समजून घ्यायचं होतं. खेळाडूंनी तिला झोडपलं, कारण साध्या प्रश्नांवरही यासू गोंधळायचा. चाळीस वर्षांपूर्वीची यादी निदान प्रामाणिक होती. काय विचारता येईल एवढंच ती दाखवायची.

ट्रिगर जेव्हा माणूस होता

इंटरनेट आलं आणि काही काळ या इतिहासानं सुंदर वळण घेतलं. २००१मध्ये स्पिलबर्गच्या 'ए. आय.' या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये श्रेयनामावलीत एक विचित्र हुद्दा होता: 'सेंटियंट मशीन थेरपिस्ट', म्हणजे जाणीव असलेल्या यंत्रांवर उपचार करणारी. जीनीन साला हे ते नाव. इंटरनेटवर ते शोधलं की भविष्यकाळातल्या वेबसाइट्सचं एक जाळंच उघडायचं आणि त्यात एका खुनाचा तपास दडलेला. आपण गेम आहोत, असं यातलं काहीच म्हणत नव्हतं. मायक्रोसॉफ्टमधल्या एका छोट्या टीमनं हे बांधलं होतं. पुढे लोक याला 'द बीस्ट' म्हणू लागले.

हजारो अनोळखी लोकांनी 'क्लाउडमेकर्स' नावाचा गट बनवून कोडी वाटून घेतली. निर्मात्यांनी काही महिने पुरतील म्हणून बनवलेली कोडी या गटानं एका दिवसात फस्त केली. मग टीमला दर आठवड्याला, खेळाडू काय बोलताहेत ते वाचून, पुढची गोष्ट लिहावी लागली. म्हणजे ट्रिगर कोडमध्ये नव्हता. पडद्याआड जागी असलेली माणसं होती. कीर्तनकार जसा समोरची मंडळी बघून पूर्वरंग लांबवतो किंवा आवरतो, तसं.

पण हे महाग होतं आणि मोठ्या संख्येला झेपणारं नव्हतं. लाखो खेळाडू हवे असतील तर पुन्हा अटींकडे यावं लागणार होतं. २०११च्या 'एल. ए. न्वार'मध्ये मुख्य केसेसशिवाय रस्त्यावरचे चाळीस छोटे गुन्हे होते. गाडीतून फिरताना पोलिस रेडिओवर आवाज यायचा आणि मिशन उघडायचं. इथे अट गोष्टीच्या आत नीट बसत होती, कारण पोलिसाला काम रेडिओवरच येतं. २०१२च्या 'द सीक्रेट वर्ल्ड' या ऑनलाइन गेममध्ये वाटेत पडलेल्या एखाद्या वस्तूला हात लावला की मिशन सुरू व्हायचं, आणि तपासाच्या मिशनमध्ये उत्तर शोधायला खऱ्या इंटरनेटवर जावं लागायचं. त्यासाठी गेममध्येच ब्राउझर होता. कुतूहल हाच ट्रिगर.

तारे, एनर्जी आणि घड्याळ

त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२मध्ये, पॅरिसच्या प्रिटी सिंपल कंपनीनं फेसबुकवर 'क्रिमिनल केस' आणला. २०१३चा फेसबुकचा 'गेम ऑफ द इयर' तोच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादी काकू, एखादा दादा तेव्हा हा खेळत होता आणि आपल्याला एनर्जीच्या रिक्वेस्ट पाठवत होता.

या गेममध्ये बोनस मिशनची जागा पक्की आहे. खुनी पकडला की 'अ‍ॅडिशनल इन्व्हेस्टिगेशन' नावाचा भाग उघडतो. तो कसा उघडतो हे लपवलेलं नाही, पण तो पुढे न्यायला तारे लागतात. तारे मिळवायला त्याच त्या गुन्ह्याच्या जागा पुन्हा पुन्हा खेळाव्या लागतात. प्रत्येक खेळीला वीस एनर्जी, आणि टाकीत मावते एकशे दहा. म्हणजे पाच खेळ्या, मग थांबा, मित्राकडे मागा, किंवा पैसे भरा. शवविच्छेदनाचा अहवाल यायला खरेखुरे तास लागतात.

'डेडलाइन'मध्येही घड्याळ होतं. पण ते घड्याळ घरातलं होतं, रॉबनरच्या. हे घड्याळ तुमच्या भिंतीवरचं आहे. तिथे अट विचारायची: तू योग्य वेळी योग्य जागी होतास का? इथे अट विचारते: तू परत आलास का? किती वेळा? एवढा एक बदल झाला आणि डिटेक्टिव्ह गेमचं पोट बदललं. तरीही मी 'क्रिमिनल केस'ला दोष देत नाही. निदान मोजमाप समोर दिसतं. खरी अडचण पुढची आहे.

कबुतरं आणि सर्व्हर

एमआयटीतल्या त्या माणसाकडे डिबगर होता आणि अख्खा प्रोग्रॅम होता. ऑनलाइन गेममध्ये आपल्या फोनवर फक्त चित्रं आणि बटणं असतात. अट दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असते. ती आज एक असते, उद्या दुसरी. तुम्हाला एक, तुमच्या रूममेटला दुसरी. याला आम्ही ए-बी टेस्टिंग म्हणतो आणि त्यात काहीही बेकायदेशीर नाही. पण वही घेऊन बसलेल्या बार्शीच्या मुलाच्या दृष्टीनं विचार करा. तो विज्ञानाच्या सगळ्या पायऱ्या पाळतोय, निरीक्षण, अंदाज, पडताळणी. आणि ज्याचा अभ्यास चाललाय तो निसर्गच दर मंगळवारी बदलतोय.

१९४८मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं आठ भुकेल्या कबुतरांवर एक प्रयोग केला. ठरावीक सेकंदांनी पिंजऱ्यात दाणे यायचे. कबुतर काय करतंय याचा दाण्यांशी काही संबंध नव्हता. तरी आठांपैकी सहा कबुतरांना सवयी जडल्या. एक उलट्या दिशेनं गिरक्या घेऊ लागलं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. दाणे आले तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच ते आले, असा जणू त्यांचा समज झाला. स्किनरनं निबंधाच्या नावातच याला कबुतरांची अंधश्रद्धा म्हटलं.

'बहुतेक रविवार असल्यामुळे.' ती ओळ मला आठवते आणि हसू येत नाही. कबुतर मूर्ख नव्हतं. कारण शोधायची त्याची ताकद ठीक चालत होती, फक्त तिथे कारण ठेवलेलं नव्हतं.

आणि कधीकधी कारण मुद्दाम काढून घेतलेलं असतं. याचं नोंदलेलं उदाहरण डिटेक्टिव्ह गेमचं नाही, दक्षिण कोरियाच्या 'मेपलस्टोरी'चं आहे. जानेवारी २०२४मध्ये तिथल्या फेअर ट्रेड कमिशननं नेक्सॉन कंपनीला ११६० कोटी वॉनचा दंड केला. 'क्यूब' नावाची एक वस्तू विकत घेऊन खेळाडू आपल्या शस्त्रांना चांगले गुण मिळतात का ते बघायचे. कंपनीनं त्याच्या शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केल्या होत्या आणि काही लोकप्रिय जुळण्यांची शक्यता चक्क शून्य केली होती. लोक वर्षानुवर्षं पैसे भरून शून्याचा पाठलाग करत होते. त्याच वर्षी मार्चपासून कोरियात अशा शक्यता जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक झालं. चीननं तो नियम २०१७मध्येच केला होता.

मावशीचा सिद्धांत

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे एका अ‍ॅपमधल्या 'सरप्राइज बोनस'चं काम माझ्याकडे आलं. गेम नव्हता, बिलं भरायचं अ‍ॅप होतं. पण रचना तीच: तुम्ही काहीतरी करता आणि मधेच स्क्रॅच कार्ड उगवतं. माझ्या कोडचा गाभा चार ओळींचा होता. ज्यांचा वापर गेल्या काही दिवसांत कमी झालाय त्यांना आधी द्या. जे रोज येतातच त्यांना क्वचित द्या. उरलेल्यांसाठी रँडम नंबर. व्यवहाराच्या दृष्टीनं अगदी शहाणी अट. जो येतोच आहे त्याला बोलवायला खर्च कशाला?

दिवाळीला सांगलीला गेलो. मावशी फराळाचं ताट देता देता म्हणाली, "अरे, ते कार्ड यायला हवं असेल ना, तर लाइट बिल सकाळी नवाच्या आत भरायचं. आणि एकदम नाही भरायचं, गॅसचं वेगळं, फोनचं वेगळं. मी काढलंय शोधून." तिच्याकडे वही नव्हती, पण फ्रिजवर चिकटवलेल्या कॅलेंडरवर तारखांना गोल होते. ज्या दिवशी कार्ड आलं ते गोल.

मी गप्प बसू शकलो असतो. दोन दिवस बसलोही. भाऊबीजेच्या सकाळी तिला सांगितलं की मावशी, वेळेचा काही संबंध नाही. तू रोज वापरतेस, म्हणून तुला कमी येतात. चार महिने वापरलं नाहीस तर जास्त येतील.

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी नेमानं वागते, म्हणून मला नाही. बरं. नियम तुमचा, तुम्ही काहीही करा. पण मग तसं लिहून का नाही ठेवलंत? मी उगाच सकाळी सकाळी धावत होते."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तांत्रिक उत्तर होतं, की नियम लिहिला तर लोक त्याचा फायदा घेतील. ते खरंही आहे. पण मावशी फायदा मागत नव्हती. आपण कुठल्या खेळात आहोत, एवढंच विचारत होती.

सोडवता येईल असं लपवा

१९२९मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम मांडले. त्यातला एक असा, की डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक पुरावा वाचकासमोर लगेच ठेवलाच पाहिजे. लपवायला नॉक्सचा विरोध नव्हता. लपवल्याशिवाय रहस्यकथा होतच नाही. पण जे लपवलंय ते डोकं चालवून सापडण्यासारखं हवं, हा त्याचा आग्रह होता.

आजही असे गेम बनतात. २०१८च्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'मध्ये लुकस पोपनं साठ माणसांच्या नशिबाचा छडा लावायला दिलाय. कोण, कसा मेला, कोणामुळे, हे तुम्ही नोंदवायचं. तीन माणसांबद्दल सगळं बरोबर लिहिलंत की गेम त्या तीन नोंदी पक्क्या करतो, त्याआधी नाही. एकेक पर्याय लावून बघणाऱ्याला तीन बरोबर एकदम जमवणं अवघड जातं, विचार करणाऱ्याला जमतं. ही अटसुद्धा एक ट्रिगरच आहे, आतून तितकीच यांत्रिक. फरक एवढाच की ती तुम्हाला सांगितलेली आहे आणि तिच्यासमोर विचाराला किंमत आहे.

बोनस मिशन कसं उघडतं, हा प्रश्न म्हणून मला किरकोळ वाटत नाही. गुहेपासून सर्व्हरपर्यंतच्या पन्नास वर्षांत अट दिसेनाशी होत गेली. आधी ती आपल्या हातातल्या टेपवर आणि डिस्कवर होती, मग पडद्याआडच्या माणसांच्या मनात, आता दूरच्या मशीनमध्ये. त्याचबरोबर ती काय मोजते हेही बदललं. आधी आपली समज मोजायची, आता आपली हजेरी मोजते. पुढच्या वेळी एखाद्या गेमनं किंवा अ‍ॅपनं अचानक काही दिलं, तर आपण काय केलं म्हणून हे मिळालं, हे जरूर शोधा. पण सोबत हेही विचारा, की हे डोकं चालवून सापडण्यासारखं आहे का. नसेल तर वही मिटा.

त्या दिवाळीनंतर मी कामावर परतलो आणि एक छोटं तिकीट टाकलं: 'कार्ड कोणाला आणि का मिळतं, हे अ‍ॅपमध्ये दोन ओळींत लिहावं.' त्यावर तीन कमेंट आल्या, तिन्ही सभ्य. प्रायॉरिटी 'लो' ठरली. मी ती कंपनी सोडली तेव्हाही ते उघडंच होतं.

बार्शीच्या मित्राला परवा फोन केला आणि विचारलं, ती वही आहे का रे अजून? म्हणाला, आहे. आणि क्षणभर थांबून, अगदी गंभीर आवाजात: "ते रविवारचं मला अजून खरं वाटतं."